जमीनमहसुलाची पद्धति व जिल्ह्यांची स्थिति : एका अनुमानपद्धतीचें परीक्षण

१. विषयप्रवेश

इंग्रजी अमलांत जमीनमहसूल वसूल करण्याच्या ज्या निरनिराळ्या पद्धति हिंदुस्थानांत चालू झाल्या, त्यांचा रयतेच्या बऱ्यावाईट स्थितीशीं काय संबंध होता, हा वाद नवा नाहीं. रमेशचंद्र दत्त यांनीं १९०० सालीं लॉर्ड कर्झन यांस उद्देशून उघड पत्रें लिहिलीं. त्यांत मुंबई व मद्रास इलाख्यांतील जबर सारा आणि दुष्काळ यांची त्यांनीं सांगड घातली, व कायमधाऱ्यामुळें बंगालची रयत तुलनेनें सुरक्षित राहिली असें प्रतिपादिलें. सरकारनें जानेवारी १९०२ मध्यें जमीनमहसुलाविषयीं ठराव प्रसिद्ध करून हें म्हणणें खोडून काढण्याचा यत्न केला. आंकडे व उदाहरणें दोन्ही पक्षांपाशीं होतीं. कोणता आंकडा कारण दाखवितो व कोणता केवळ साहचर्य दाखवितो हें ठरविण्याची सर्वमान्य कसोटी मात्र कोणापाशींच नव्हती.

अशी कसोटी आपल्यापाशीं आहे, असें म्हणणारा अर्थशास्त्रज्ञांचा एक वर्ग गेल्या कांहीं दशकांत पुढें आला आहे. अभिजित बॅनर्जी व लक्ष्मी अय्यर यांचा इंग्रजी जमीनधाऱ्याच्या वारशाविषयींचा निबंध २००५ सालीं ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष दत्तांच्या अगदीं उलट दिशेचा आहे. ज्या जिल्ह्यांत जमिनीचा हक्क जमीनदारांस दिला गेला, ते जिल्हे स्वातंत्र्यानंतरच्या काळांत शेतीचें उत्पन्न, शेतींतील गुंतवणूक, शाळा व दवाखाने या बाबतींत मागें पडले. ज्या जिल्ह्यांत सरकारनें रयतेशीं किंवा गांवाशीं परभारें करार केला, ते पुढें गेले, असें लेखकद्वय म्हणतें. दोन्ही मतें एकाच वेळीं खरीं असणें अशक्य नाहीं, कारण दत्त दुष्काळाविषयीं बोलत होते व हे लेखक १९५६ ते १९८७ या काळांतील शेतीविषयीं बोलत आहेत. तथापि ज्या रीतीनें हा निष्कर्ष काढला ती रीति इतिहासाच्या अभ्यासकांस अपरिचित आहे, आणि तिच्या बळावर आतां इतिहासाविषयीं मोठमोठीं विधानें होऊं लागलीं आहेत. म्हणून तिचें परीक्षण करणें हें आमच्यासारख्या कागदपत्रांवर जगणाऱ्या मंडळींचें कर्तव्य होय. यांतील दोन मोठीं उदाहरणें तर नागपूर व पुणें या मराठी मुलखाचींच आहेत.

२. पद्धतीचें स्वरूप

एकाच जिल्हासमूहाची वर्षानुवर्षें ओळीनें घेतलेली नोंद हा या पद्धतीचा पाया. अर्थशास्त्रज्ञ अशा सारणीस ‘पॅनेल’ म्हणतात. तिचें मर्म समजण्यास आपल्या न्यायशास्त्रांतील ‘उपाधि’ ही संज्ञा फार उपयोगीं पडते. जेथें अग्नि तेथें धूर, हें अनुमान चुकतें. कारण धूर निघण्यास ओल्या इंधनाचा संयोग लागतो, व ती उपाधि लक्षांत न घेतां केवळ अग्नीवरून धुराचें अनुमान केलें तर तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यापाशीं तें खोटें ठरतें. जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करणाऱ्यापुढें हीच अडचण असते. एका जिल्ह्यांत रयतवारी आहे व पीकही चांगलें आहे, परंतु तेथील माती काळी व पाऊस वेळेवर असेल तर श्रेय कोणास द्यावयाचें?

यावर या पद्धतीची युक्ति अशी. प्रत्येक जिल्ह्याची तुलना दुसऱ्या जिल्ह्याशीं न करतां प्रथम त्याच्याच मागील स्थितीशीं करावी. माती, उंची, नदीपासूनचें अंतर इत्यादि ज्या गोष्टी बदलत नाहींत त्या या वजाबाकींत आपोआप गळून पडतात. त्या आपणांस ठाऊक असोत वा नसोत. नंतर ज्या जिल्ह्यांत कारण घडलें व ज्यांत घडलें नाहीं, अशा दोहोंतील बदलांची आपसांत वजाबाकी करावी, म्हणजे सर्वत्र सारखे आलेले महागाईचे वा अवर्षणाचे फेरही गळतात. समजा, एका जिल्ह्याचें उत्पन्न चाळीसवरून साठावर गेलें, व ज्यांत कांहींच घडलें नाहीं अशा दुसऱ्याचें तीसवरून अडतीसवर गेलें, तर पहिल्याची वाढ वीस, दुसऱ्याची आठ, आणि कारणाच्या पदरीं पडतात ते बारा. ही फरकांतील फरकाची रीति म्हणजे अन्वय व व्यतिरेक यांचाच आंकड्यांत उतरविलेला प्रयोग होय.

यांत एक गृहीत मात्र दडलेलें आहे. कारण घडलें नसतें तर पहिला जिल्हाही आठच अंशांनीं वाढला असता, हें धरून चालावें लागतें. हें गृहीत कोणत्याही सारणींतून सिद्ध होत नाहीं, कारण जें घडलें नाहीं त्याची नोंद कोठेंच नसते. त्यास पुष्टि द्यावयाची ती त्या काळच्या माहितीनें, म्हणजे इतिहासानेंच द्यावी लागते.

३. पद्धति जेथें शोभते

ही रीति योग्य ठिकाणीं लावल्यास काय साधतें, याचा उत्तम नमुना म्हणजे डेव्ह डोनाल्डसन यांचा इंग्रजी अमलांतील आगगाड्यांविषयींचा निबंध. तोही वरील नियतकालिकांतच २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. १८७० ते १९३० या काळांतील दोनशेंहून अधिक जिल्ह्यांची सारणी त्यांनीं तयार केली. १८५३ सालीं मुंबई ते ठाणें अशी सुरू झालेली लोहमार्गाची रेघ १९३० पर्यंत सुमारें ६७ हजार किलोमीटर लांब झाली. परंतु ती प्रत्येक जिल्ह्यांत निरनिराळ्या वर्षीं पोंचली. बैलगाडीनें दिवसाकाठीं वीस ते तीस किलोमीटर चालणारा माल आगगाडीनें सहाशें किलोमीटर जाऊं लागला. कारण उघडपणें घडलें, त्याची तारीख ठाऊक आहे, व घडण्यापूर्वींची आणि नंतरची स्थिति एकाच जिल्ह्यांत पाहतां येते.

लोहमार्ग येतांच त्या जिल्ह्याचें शेतीचें खरें उत्पन्न सरासरीनें सुमारें एक षष्ठांशानें वाढलें, असा त्यांचा निष्कर्ष आहे. येथें कोणीही शंका घेईल कीं, सरकारनें लोहमार्ग मुद्दामच भरभराटीच्या वाटेवरील मुलखांतून नेले असतील. डोनाल्डसन यांनीं ही शंका दडविली नाहीं. १८६८ ची लॉर्ड लॉरेन्स यांची योजना धरून, जे मार्ग कागदावर आंखले गेले परंतु बांधलेच गेले नाहींत, अशा चाळीस हजार किलोमीटरांहून अधिक रेघा त्यांनीं नकाशावर शोधून काढल्या. त्यांच्या आसपासच्या जिल्ह्यांत तशी वाढ दिसत नाहीं. न बांधलेल्या मार्गांची दप्तरें शोधून त्यांस साक्षीस उभें करणें हें काम इतिहाससंशोधकास शोभणारें आहे, आणि त्याबद्दल या ग्रंथकारास मुक्तकंठानें श्रेय दिलें पाहिजे.

४. पद्धति जेथें लंगडी पडते

आतां जमीनधाऱ्याकडे वळूं. जमीनधारा एकदां ठरला म्हणजे तो शंभर वर्षें तसाच राहिला. बॅनर्जी-अय्यर यांची सारणी १९५६ पासून सुरू होते, व तोंपर्यंत जमीनदाऱ्या कायद्यानें रद्द होऊं लागल्या होत्या. म्हणजे त्यांच्या सारणींत ‘कारण’ हें प्रत्येक जिल्ह्यापुरतें न बदलणारें आहे. जिल्ह्याचा स्थिर अंश वजा करतांच मातीबरोबर जमीनधाराही गळून पडतो. ज्या वजाबाकीसाठीं पॅनेलची एवढी कीर्ति, ती येथें करतांच येत नाहीं.

लेखकांस याची पूर्ण जाणीव आहे, व त्यांनीं दोन वाटा काढल्या आहेत. पहिली वाट अशी कीं, १९६५ नंतर सुधारलेलें बियाणें, खतें व सरकारी पैसा शेतींत येऊं लागला, तेव्हां दोन्ही प्रकारच्या जिल्ह्यांतील अंतर वाढलें कीं नाहीं तें पाहावें. अंतर वाढलें असें त्यांस आढळलें. परंतु यावरून फार तर एवढें ठरतें कीं, १९६५ नंतर जें कांहीं आलें तें एका प्रकारच्या जिल्ह्यांस अधिक मानवलें. पंजाबांत कालव्यांचा विस्तार मोठा होता व बिहारांत त्या मानानें थोडा, ही गोष्टही १९६५ नंतरच फळास आली. स्थिर उपाधीचा परिणाम काळाबरोबर बदलूं लागला, तर ती या वजाबाकींत गळत नाहीं.

दुसरी वाट अधिक ऐतिहासिक आहे. १८२० ते १८५६ या काळांत जो मुलूख इंग्रजी महसुली अमलाखालीं आला, त्यांत जमीनदार टाळण्याकडे कल होता. मन्रो १८२० सालीं मद्रासचे गव्हर्नर झाले व रयतवारीस जोर चढला. १८५७ च्या उठावानंतर मात्र अयोध्येंतील तालुकदारांस पुन्हां जवळ करण्यांत आलें. म्हणून मुलूख केव्हां जिंकला हें वर्षच जमीनधाऱ्याच्या जागीं साक्षीदार म्हणून घ्यावें. कारण जिंकण्याच्या वर्षाचा आजच्या पिकाशीं दुसरा संबंध नाहीं, असा हा युक्तिवाद आहे.

युक्तिवाद चतुर आहे. तो मराठी मुलखास लावून पाहूं. पेशव्यांचा मुलूख १८१८ सालीं, म्हणजे या काळमर्यादेच्या दोन वर्षें आधीं, इंग्रजांकडे आला. तरी तेथें रयतवारीच रुजली, व १८३५ पासून इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं जी पाहणी सुरू केली तिनें ती पक्की केली. नागपूरचें राज्य १८५४ सालीं, म्हणजे बरोबर मर्यादेच्या आंत, खालसा झालें. तरी तेथें मालगुजारांस मालकी हक्क मिळाला. सातारा तेवढा १८४८ सालीं खालसा होऊन नियमास धरून राहिला. सरासरीचा नियम एखाद्या अपवादानें मोडत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु नागपुरास असें कां झालें याचें उत्तर बोधप्रद आहे. राज्य १८५४ सालीं खालसा झालें, पण बंदोबस्त ठरला तो १८६० नंतरच्या दशकांत, म्हणजे उठावानंतरचें वारें वाहूं लागल्यावर. तेव्हां खालसा होण्याचें वर्ष व धोरण ठरण्याचें वर्ष हीं दोन निराळीं आहेत. सारणींत एकच रकाना ठेवल्यानें हा भेद बुजतो.

५. वर्गीकरणाचा प्रश्न

सर्वांत मोठा वाद याच मध्यप्रांतावरून झाला. २०१३ सालीं ‘जर्नल ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज’ या नियतकालिकांत इव्हर्सन, पामर-जोन्स व सेन यांनीं या निबंधाची फेरतपासणी प्रसिद्ध केली. मध्यप्रांतांतील महसूलपद्धतीचा मूळ लेखकांनीं लावलेला अर्थ चुकीचा असून तो दुरुस्त केल्यास मुख्य निष्कर्ष टिकत नाहीं, असें त्यांचें म्हणणें आहे. हिंदुस्थानभरच्या निष्कर्षाचा तोल आमच्या नागपूर, वर्धा, भंडारा व चांदा या जिल्ह्यांसारख्यांच्या एका रकान्यावर अवलंबून असावा, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

मालगुजार म्हणजे जमीनदार काय? भोसल्यांच्या अमलांत तो गांवचा वसूल थोड्या मुदतीच्या करारानें भरणारा पाटील होता. इंग्रजांनीं त्यास मालक केलें. परंतु त्याच बंदोबस्तांत जुन्या कुळांचे हक्क राखून ठेवले, व १८८३ आणि १८९८ च्या कुळकायद्यांनीं ते अधिक बांधले. अशा कुळांचा खंड सरकारी बंदोबस्त अधिकारी ठरवीत असे. नांवानें हा जमीनदार. पण कुळाचा खंड ठरविण्याची सत्ता त्याच्या हातीं पुरती नाहीं. बंगालच्या जमीनदारासही १८८५ च्या कुळकायद्यानें वेसण घातली हें खरें, पण ती कायमधाऱ्यानंतर ब्याण्णव वर्षांनीं. मध्यप्रांतांत ती मालकीबरोबरच आली. एक व शून्य या दोन आंकड्यांत हा मनुष्य कोठें बसवावयाचा?

उलट बाजूही पाहावी. मुंबई इलाखा रयतवारीचा म्हणून प्रसिद्ध. परंतु त्याच इलाख्यांत रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांत खोत होते. खोत व कूळ यांचें नातें काय होतें हें सांगण्यास डॉ. आंबेडकरांनीं १९३७ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती रद्द करण्याचें विधेयक आणलें, एवढी एक गोष्ट पुरे. देशावर रयतवारी शुद्ध होती असें म्हणावें, तर १८७५ सालीं सुपें व आसपासच्या गांवीं रयतेनें सावकारांचीं खतें जाळलीं. कागदोपत्रीं मालक रयत, पण पिकावर हक्क सावकाराचा, अशी स्थिति त्या वेळीं अनेक गांवीं होती. इनाम जमिनींचा विस्तार निराळाच. तेव्हां प्रांताच्या नांवावरून जिल्ह्याचा रंग ठरविणें म्हणजे बखरीच्या मथळ्यावरून तिचा लेखक ठरविण्यासारखें आहे.

६. आंकड्यांची कुळकथा

याहून खोल जाणारा आक्षेप असा कीं, ज्या आंकड्यांवर परिणाम मोजावयाचा ते आंकडेच जमीनधाऱ्याचें अपत्य आहेत. रयतवारी मुलखांत प्रत्येक शेताचा सारा सरकारास वसूल करावयाचा, म्हणून गांवोगांव कुलकर्णी-तलाठी ठेवून पीकपाहणी करावी लागे व पिकाची आणेवारी ठरवावी लागे. कायमधाऱ्याच्या मुलखांत सरकारचा हिशेब जमीनदाराशीं. शेतांत काय पिकलें हें पाहणारा सरकारी नोकर तेथें गांवीं नव्हता. म्हणून त्या भागांतील शेतीचे आंकडे पिढ्यान्‌पिढ्या अंदाजाचे राहिले. स्वातंत्र्यानंतरही पश्चिम बंगाल, ओरिसा अशा प्रांतांसाठीं जमिनीच्या नोंदीची निराळी, नमुनापाहणीची व्यवस्था ठेवावी लागली. १९४० नंतरच्या दशकांत महालनोबीस व पां. वा. सुखात्मे यांनीं यदृच्छेनें निवडलेल्या शेतांतील पीककापणीची रीत चालू केली, त्यामुळें ही उणीव कमी झाली. पण ती सर्वत्र एकाच वर्षीं व सारख्या प्रमाणांत कमी झाली असें धरतां येत नाहीं. जेथें मोजणाऱ्याची दृष्टि जमीनधाऱ्याप्रमाणें बदलते, तेथें पिकांतील फरक व मोजणींतील फरक यांची फोड केल्यावांचून निर्णय देऊं नये.

दुसरा एक दोष साक्षीदारांच्या संख्येचा. दीडशेंहून अधिक जिल्हे व बत्तीस वर्षें यांचा गुणाकार केला म्हणजे नोंदी हजारोंच्या घरांत जातात, व वाचकास निष्कर्ष अढळ वाटूं लागतो. परंतु एका बखरीच्या दहा नकला सांपडल्या म्हणून दहा साक्षीदार होत नाहींत, हें आम्हांस राजवाड्यांच्या काळापासून ठाऊक आहे. एका जिल्ह्याचें यंदाचें पीक गेल्या वर्षाच्या पिकापासून स्वतंत्र नसतें. आणि जमीनधाऱ्याचा निर्णय जिल्ह्याजिल्ह्यास निराळा न होतां इलाख्याइलाख्यास एकदां झाला. बर्ट्रांड, डफ्लो व मुलैनाथन यांनीं २००४ सालीं दाखवून दिलें कीं, हा परस्परसंबंध न ओळखल्यास जेथें कांहींच घडलें नाहीं तेथेंही ही पद्धति वारंवार परिणाम ‘शोधून’ काढते. आपल्या शास्त्राचा दोष याच शास्त्रांतील लोकांनीं उघडा केला, ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिकपणास भूषणावह आहे.

त्याच प्रकारचा दुसरा दोष अलीकडे बाहेर आला. जेथें कारण निरनिराळ्या वर्षीं निरनिराळ्या जिल्ह्यांत पोंचतें, तेथें नेहमींची गणिती रीत नकळत उशिरा लाभलेल्या जिल्ह्यांची तुलना आधीं लाभलेल्या जिल्ह्यांशीं करते, जणूं आधीं लाभलेले जिल्हे अद्याप अस्पृष्टच आहेत. परिणाम वर्षागणिक वाढत जाणारा असेल तर उत्तर कमी येतें, व क्वचित् उलटें चिन्हही येऊं शकतें. द शेझमार्तँ व द’ओल्तफय यांनीं २०२० सालीं व गुडमन-बेकन यांनीं २०२१ सालीं याची फोड करून दाखविली. त्यानंतर, ज्यांस तें कारण अद्याप लागलेलें नाहीं अशांशींच तुलना करावी, असा दंडक पडत चालला आहे. त्यापूर्वीं झालेलें बरेंच लिखाण आतां पुन्हां तपासून घ्यावें लागेल.

७. उपसंहार

एवढ्यावरून ही पद्धति टाकाऊ आहे असें कोणीं समजूं नये. आपल्याकडील पुष्कळ इतिहासलेखन, हें झालें म्हणून तें झालें, असें एका वाक्यांत सांगून पुढें जातें. ही पद्धति निदान आपलें गृहीत उघड्यावर मांडते, व सारणी सर्वांस खुली ठेवते. इव्हर्सन प्रभृतींस मूळ लेखकांचे आंकडे तपासतां आले म्हणूनच वाद पुढें सरकला. आमच्यांतील किती ग्रंथकार आपले कागद प्रतिपक्षाच्या हातीं देण्यास तयार असतात, याचा प्रत्येकानें आपल्याशीं विचार करावा.

तथापि सारणींतील प्रत्येक रकाना भरण्यापूर्वीं कोणीतरी बंदोबस्ताचें दप्तर वाचावयास हवें, व तें ज्यास वाचतां येतें असा मनुष्य या कामांत आरंभापासून असला पाहिजे. त्यासाठीं एक विषय सुचवितों. वर्धा नदीच्या पश्चिमेस वऱ्हाड. तें १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजी व्यवस्थेखालीं आलें व तेथें मुंबईच्या धर्तीवर रयतवारी झाली. पूर्वेस वर्धा जिल्हा. तो १८५४ च्या खालसा मुलखांतला, मालगुजारीचा. मधें एक नदी; दोन्ही तीरांवर काळी जमीन व कापसाचें पीक; भाषा एक, अमल सुरू झाला त्यांत एका वर्षाचें अंतर. १९०३ पासून दोन्ही तीर एकाच प्रांताच्या कारभाराखालीं आले, व १९५१ सालीं मालगुजारी संपली. दोन्ही बाजूंच्या गांवांचीं जमाबंदीचीं कागदपत्रें लावून गांववार सारणी केली, तर साऱ्या हिंदुस्थानाचा नव्हे तरी एका प्रश्नाचा निकाल लागेल: सारखी माती व सारखा पाऊस असतां केवळ हक्काच्या कागदानें कुणब्याच्या घरांत काय फरक पडला? दत्त व कर्झन यांच्या वादांत ज्याच्या वतीनें दोन्ही पक्ष बोलत होते त्या रयतेस एवढें उत्तर मिळणें आवश्यक आहे, व तें देण्याचीं साधनें मराठी संशोधकांच्या हातांशीं आहेत.